रेडिओचा डबा घरच्या घरी : गोव्याच्या पावसात टिकेल असा

डिचोलीत माझं बोर्ड आणि अक्षरं बनवायचं दुकान आहे. पूर्वी ब्रश आणि ऑइलपेंट होता, आता ॲक्रिलिक, सनबोर्ड आणि एलईडीच्या पट्ट्या. दिवसा प्लॅस्टिक कापायचं आणि रात्री हेडफोन लावून ७ मेगाहर्ट्झवर हॅम रेडिओला, म्हणजे हौशी लोकांच्या परवान्याच्या रेडिओला, बसायचं. म्हणून हॅमचं नवीन लायसन्स मिळालेली मुलं रेडिओचा उघडा सर्किट बोर्ड पिशवीत घालून येतात आणि विचारतात, ‘‘काका, ह्याला डबा कसला करू?’’ त्यांना तोंडी सांगतो ते आता लिहून काढतोय.

ॲल्युमिनियमचा डबा उत्तम असतो, त्यात वाद नाही. तो आतल्या लहरी आत ठेवतो, ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेतो आणि सगळ्या कनेक्टरांना आयतं ग्राउंड देतो. प्लॅस्टिक यातलं एकही काम करत नाही. तरी मी प्लॅस्टिकच वापरतो, कारण पत्रा सरळ वाकवायला मशीन लागतं आणि आपल्याकडच्या हवेत साध्या लोखंडी पत्र्याला भोक पाडलं की त्या भोकाच्या कडेपासून गंज सुरू होतो. काणकोण-वास्कोकडे खारं वारं, आमच्याकडे चार महिने न वाळणारी भिंत. प्लॅस्टिक वापरायचं तर डब्याने फुकट केली असती ती तीन कामं आपण वेगळी करून द्यायची, आणि गोव्यात चौथं काम म्हणजे आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट ठेवायची. डोकं लागतं ते इथे. बाकी कापाकापी कोणालाही जमते.

प्लॅस्टिक ओळखा

हातात आलेला प्रत्येक तुकडा वापरण्याजोगा नसतो. तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे जेवणाचे डबे, बादल्या, आइस्क्रीमचे टब. त्याला कुठलाही गोंद धरत नाही. एम-सील लावा, फेविक्विक लावा, दोन दिवसांनी सोलून हातात येतं. असा डबा वापरायचाच असेल तर सगळं स्क्रू-नटांवर उभं करा. बुडाला तर पीव्हीसी, ॲक्रिलिक, एबीएस किंवा स्टायरीन. पीव्हीसी आहे का हे बघायला तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे अंगणात करा, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, म्हणजे धूर अंगावर येणार नाही.

उन्हात ठेवायचा डबा असेल तर एबीएस नको, ते पिवळं पडून ठिसूळ होतं. ॲक्रिलिक ऊन चांगलं सोसतं पण धक्का सोसत नाही. पांढरा पीव्हीसी दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. थ्रीडी प्रिंट करून आणणाऱ्यांना एकच विचारतो, पीएलए आहे का? ते साठेक अंशाला नरम पडतं. एप्रिलमध्ये काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत त्याचं काय होईल ते तुम्हीच बघा.

आणि लेझर कटिंगवाल्याकडे पीव्हीसी किंवा सनबोर्ड घेऊन जाऊ नका. सनबोर्ड हा फेस आणलेला पीव्हीसीच. लेझरने जळताना त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो. तो माणसाच्या छातीला वाईट आणि मशीनच्या आरशांना, पट्ट्यांनाही वाईट. शहाणा लेझरवाला तुम्हाला दारातूनच परत पाठवेल. लेझरला फक्त ॲक्रिलिक न्यायचं.

पाइपापासून पाटी

जाड पीव्हीसी शीट इकडे एक-दोन तुकडे असे सहज मिळत नाही. संडासाच्या लाइनचा ११० मिलिमीटरचा पाइप मात्र प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात असतो, आणि बांधकामाच्या जागी त्याचे हातभर तुकडे फुकट पडलेले असतात. तो पाइप उभा चिरून सपाट केला की साधारण ३३५ मिलिमीटर रुंदीची पाटी मिळते. जाडी पाइपाच्या प्रकाराप्रमाणे सव्वादोन ते साडेतीन मिलिमीटर. जाडवाला घ्या.

पाइपाला लांबीत एक सरळ रेघ मारा. त्यासाठी पाइप दरवाजाच्या चौकटीच्या कोनात टेकवला की चौकटच पट्टी होते. हॅक्सॉने त्या रेघेवर चीर पाडा. मग तापवायचं. जुना ओव्हन असेल तर १२० अंशांच्या आसपास ठेवा, पण त्या ओव्हनमध्ये नंतर केक करायचा नाही. हॉट एअर गनने करायचं तर गन सतत फिरती ठेवा. पाइप ओल्या पापडासारखा लुळा पडला की हातमोजे घालून बाहेर काढा, उलगडा, कडप्प्यावर पसरा, वर दुसरा कडप्पा किंवा जाड प्लायवूड, त्यावर दोन चिरे. पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. कोमट असताना उचललात तर कडा परत वळतात. पिवळट डाग दिसला किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर फार तापलंय. गन बंद करा आणि खिडक्या उघडा. बंद खोलीत हे काम करूच नये.

एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचा वैताग वाचेल. पाइपाला आपला गोल आकार आठवतो. सपाट केलेली पाटी पुन्हा तापली की ती गोल व्हायला बघते आणि लांबीत थोडी आक्रसते. म्हणून मापाने कापायचं ते सपाट केल्यावर, आधी नाही. सुरुवातीला प्रत्येक बाजूला सेंटिमीटरभर जास्त ठेवा.

आता माप. मी नेहमी दोन ‘यू’ एकमेकांत बसणारा डबा करतो : एका यूमध्ये तळ, पुढची आणि मागची बाजू, दुसऱ्यात झाकण आणि दोन कुशी. रुंदी १८०, खोली २००, उंची ७० मिलिमीटर धरली तर तळाच्या यूला २०० अधिक ७० अधिक ७०, म्हणजे ३४० लागतात. हे माप पाइपाच्या लांबीत घ्या, म्हणजे डब्याची रुंदी पाटीच्या रुंदीत सहज मावते. झाकण आतून १८३ रुंद ठेवा, म्हणजे तळावर घासत न जाता बसेल. त्याला ३२३ पुरतात, आणि उरलेली पट्टी आत कोपऱ्यांना लावायला होते. झाकणाची खोली तळापेक्षा सेंटिमीटरभर जास्त ठेवली तर पुढे छोटीशी वळचण मिळते. दिसायलाही बरी दिसते.

वाकवण्याची रेघ पेन्सिलने काढा. रेघेच्या दोन्ही बाजू लाकडाच्या पट्ट्यांत क्लॅम्प करून टाका, फक्त दहा-बारा मिलिमीटरची उघडी पट्टी ठेवा. तेवढीच तापली पाहिजे, नाहीतर बाकीची पाटी गोल व्हायला सुरुवात करेल. आमच्या दुकानात निक्रोम तारेचा स्ट्रिप हीटर आहे, घरी हॉट एअर गन पुरे. दोन्ही अंगांनी तापवा. बाहेरचंच अंग तापवलं तर आतल्या बाजूला सुरकुती पडते. नरम झालं की लाकडाच्या काटकोनी ठोकळ्यावर वाकवा, काटकोनापेक्षा किंचित जास्त, आणि ओलं फडकं टेकवून गार होऊ द्या. सोडल्यावर तेवढं परत येतं आणि काटकोन बरोबर बसतो.

आतल्या पट्ट्या चिकटवायला प्लंबरचं सोल्यूशन. ते गोंदासारखं मध्ये बसत नाही, पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवून दोन्ही तुकडे एक करतं. म्हणून आधी दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडा, लावा, दाबा, आणि एक अख्खा दिवस हलवू नका. फट राहिली तर करवतीचा पीव्हीसी भुसा सोल्यूशनमध्ये कालवून भरा. पट्टी दुहेरी करा, कारण एकेरीत स्क्रूचा आटा धरत नाही. दहा वेळा उघडायचा डबा असेल तर एम३ (३ मिलिमीटरच्या) स्क्रूचे पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेल्या नळ्या, घ्या, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने तापवून पट्टीत दाबून बसवा. स्क्रू स्टेनलेसचेच. दुकानदार चकचकीत दाखवतो ते पुष्कळदा नुसती कल्हई केलेलं लोखंड असतं. लोहचुंबक घेऊन जा आणि जो जोरात चिकटेल तो परत द्या.

पुढची पाटी

इथे माझा धंदा कामी येतो. पीव्हीसीवर मार्करने लिहू नका, स्टिकरही चिकटवू नका, पावसाळ्यात तो सुटतो. अक्षरं कागदावर प्रिंट करा, कागद पीव्हीसीवर ठेवा आणि वर २ मिलिमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक. नॉबांचे आणि स्विचांचे नटच तिन्ही थर दाबून धरतात. गोंद नाही. उद्या स्विच बदलला तर कागद बदला. फक्त स्विचच्या आट्याची लांबी आधी बघा. पाच मिलिमीटर जाडीतून तो बाहेर येऊन नट धरेल का? आखूड असेल तर पीव्हीसीत मागून मोठं भोक पाडून फक्त ॲक्रिलिकवर बसवा.

ॲक्रिलिकला साधं ड्रिल बिट कधी कधी एकदम चावतं आणि तुकडा तडकतो. बिटाची धार तेलदगडावर किंचित बोथट करा, म्हणजे ते खोदत नाही, खरवडतं. खाली लाकूड, वर मास्किंग टेप, वेग कमी, आणि आरपार जायच्या क्षणी जवळजवळ जोरच नाही. मोठ्या भोकांना स्टेप ड्रिल. सोल्डरिंग आयर्नने वितळवून भोक पाडणारे आहेत. माझ्यासमोर नका पाडू.

ॲक्रिलिकला ॲक्रिलिक जोडायचं असेल तर आम्ही दुकानात क्लोरोफॉर्म सुईने फटीत सोडतो. ते आपोआप आत ओढलं जातं. वाफ वाईट असते, उघड्या वाऱ्यातच काम करा. लेझरने कापलेल्या कडेला मात्र क्लोरोफॉर्म लागला की बारीक भेगांची जाळी उठते, कारण उष्णतेने त्या कडेत ताण राहिलेला असतो. स्पिरिटने पुसलं तरी तेच होतं. साबणाचं पाणी वापरा.

नॉबांमधलं अंतर कागदावर आखून, त्या कागदावर खरोखर बोटं ठेवून बघा. केंद्रापासून केंद्र ४० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर व्हॉल्यूम फिरवताना ट्यूनिंग हलतं.

डब्याने न केलेली तीन कामं

ग्राउंड पहिलं. धातूच्या डब्यात अँटेनाचं सॉकेट, माइकचा जॅक, सप्लायचा जॅक सगळे डब्यातूनच एकमेकांना जोडलेले असतात. प्लॅस्टिकमध्ये ते तीन वेगळी बेटं होतात. मागच्या बाजूला आतून तांब्याची पट्टी घाला, सगळ्या सॉकेटांच्या बाहेरच्या कड्या तिला सोल्डर करा आणि तिथून बोर्डाच्या ग्राउंडला जाड, आखूड वेणी न्या. बारीक लांब तार इथे चालत नाही. बोलताना ओठाला माइकचा चटका बसतोय अशी तक्रार घेऊन मुलं येतात, तेव्हा मी आधी ही पट्टी शोधतो.

शिल्डिंग, म्हणजे लहरी अडवणारं धातूचं आवरण, पूर्ण डब्याला करायची गरज नसते. कॉइल आणि कपॅसिटरवर चालणारा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारं सर्किट) असेल तर हात जवळ नेला की फ्रिक्वेन्सी सरकते. त्याच्या जागी डिजिटल सिंथेसायझर असेल तर त्याची आणि डिस्प्लेची किचकिच रिसीव्हरमध्ये येते. तेवढाच भाग कोंडा. एका बाजूला तांबं असलेल्या कोऱ्या पीसीबीचे तुकडे कापून, कोपरे सोल्डर करून छोटी डबी करा. प्लॅस्टिकच्या आत तांब्याची डबी, यासारखं दुसरं काही नाही. तांब्याचा चिकट टेप लावलात तर त्याच्या जोडांवर सोल्डरचे थेंब द्या, कारण प्रत्येक टेपाच्या गोंदातून वीज जातेच असं नाही. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल फार पातळ असतो. ७ मेगाहर्ट्झला तांब्यातसुद्धा विद्युतप्रवाह २५ मायक्रोमीटरच्या आसपास खोलीपर्यंत वाहतो, फॉइल त्याहून बारीक. दोन-तीन थर करा, आणि त्याला सोल्डर धरत नाही म्हणून स्क्रू-वॉशरने ग्राउंड द्या.

उष्णता. हैदराबादचे हॅम अशर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांच्या बिटएक्स या घरी बनवायच्या रेडिओवर आपल्याकडे कितीतरी जण रेडिओ बनवायला शिकले. त्यात शेवटी आयआरएफ ५१० हा ट्रान्झिस्टर असतो. त्याची पाठीची पत्री ड्रेनला जोडलेली, म्हणजे तिच्यावर सप्लायही असतो आणि आरएफही (प्रक्षेपणाची रेडिओ लहर). उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक डब्याबाहेर मागे बसवायचा, मध्ये अभ्रकाचा वॉशर आणि पेस्ट. बसवून झाल्यावर सप्लाय जोडण्याआधी मीटरने हीटसिंक ते पत्री तपासा. मीटर वाजला तर सगळं परत उघडा. शिवाय हीटसिंक पीव्हीसीला टेकू देऊ नका. पीव्हीसी ७५-८० अंशांना नरम पडायला लागतो. पितळी स्पेसरवर पाच मिलिमीटर लांब उभा करा. खाली आणि वर थोड्या चिरा ठेवा, त्यांना आतून बारीक जाळी लावा, नाहीतर मुंग्या आणि पाल.

बाहेर टांगायचा डबा

घरातला डबा कसाही चालतो. परीक्षा असते ती माडाला टांगलेल्या डब्याची. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो आडवाही येतो. ४० मीटर बँडसाठी, म्हणजे त्याच ७ मेगाहर्ट्झसाठी, एका टोकातून फीड केलेली अर्ध्या लहरीची अँटेनाची तार आमच्याकडे सोयीची, साधारण २० मीटर, घराच्या वळचणीपासून माडापर्यंत. तिच्या टोकाला ४९:१ ट्रान्सफॉर्मर : एफटी२४०-४३ या फेराइट कड्याचा कोअर, प्रायमरी २ वेढे, सेकंडरी १४, आणि प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर.

यासाठी नवा डबा बनवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात रबरी कड असलेला आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न घेणारा) जंक्शन बॉक्स मिळतो, तो घ्या. दुकानातला मुलगा विचारतो, ‘‘भाऊ, पंपासाठी का?’’ मी हो म्हणतो. अँटेना म्हटलं की अर्धा तास जातो.

१०० वॉटला त्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेकडच्या टोकावर ५०० व्होल्टच्या आसपास येतात. म्हणून तारेचा स्टेनलेस बोल्ट आणि रेडिओकडून येणाऱ्या कोॲक्स केबलचं सॉकेट डब्याच्या दोन वेगळ्या कडांना ठेवा. काळ्या प्लॅस्टिकमध्ये कधी कधी कार्बन मिसळलेला असतो, तो इथे नको. शंका आली तर एक तुकडा मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, सोबत पाण्याचा मग ठेवायला विसरू नका, आणि अर्धा मिनिट चालवा. तुकडा गरम झाला तर तो डबा बायकोला कपड्यांच्या चिमट्यांसाठी द्या.

सॉकेटचं भोक डब्याच्या खालच्या बाजूलाच. एसओ-२३९ या नेहमीच्या कोॲक्स सॉकेटला मध्ये १६ मिलिमीटर आणि चार कोपऱ्यांना एम३, पण ड्रिल लावण्याआधी हातातलं सॉकेट मोजा. वरच्या बाजूला एकही भोक नको, टांगायचा हुकसुद्धा कुशीत. कड्यांना सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून सुकताना निघणारं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली ट्यूब मागा. कोॲक्सच्या प्लगला स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप ओढून गुंडाळा, आणि केबलला प्लगच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथून गळून पडेल.

आणि मग, इतकं सगळं बंद केल्यावर, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरचं भोक पाडा. लोकांना हे पटत नाही. पण पूर्ण बंद डबा दिवसा तापतो, संध्याकाळच्या सरीने एकदम गार होतो, आत पोकळी होते आणि कुठल्यातरी केसभर फटीतून ओली हवा ओढली जाते. तिचं पाणी आत साचतं आणि बाहेर पडायला वाट नसते. भोक असलं की डबा श्वास घेतो आणि पाणी गळून जातं. भोकावर आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा सोल्यूशनने चिकटवा. जाळी नसेल तर कुंभारीण माशी एका आठवड्यात ते मातीने लिंपून टाकते.

तारेचं दुसरं टोक माडाला पक्कं बांधू नका, माड वाऱ्यात झुलतो. नारळ पाडायला पाडेली येईल तेव्हाच त्याच्याकडून वर एक पुली बांधून घ्या, दोरीच्या टोकाला पाण्याची भरलेली बाटली लटकवा. माड झुलला की बाटली वर-खाली होते, तार तुटत नाही.

चवथ झाली आणि पाऊस ओसरला की हा डबा खाली उतरवून उघडायचा. बोल्टाखालचा वॉशर हिरवा पडलाय का, रबरी कड चपटी होऊन कडक झालीय का, जाळीत काही अडकलंय का, एवढं बघा. हिरवा थर दिसला तर लिंबू आणि मिठाने घासून, धुऊन, वाळवून परत बसवा. रबर कडक असेल तर नवा डबाच आणा. सुटी कड वेगळी मिळत नाही.